मृदंगाचा डावा हात

सबवूफर टीव्हीजवळ ठेवावा की सोफ्यामागे, यावरून तुमच्यात वाद चालला आहे, हे कालच्या फोनवर कळलं. त्यात मलाही थोडं बोलायचं आहे. तुम्हाला हसू येईल, पण असाच एक खोल आवाजाचा स्पीकर आम्ही सोनाळ्याच्या घरात बसवला होता. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात वीज नवी होती.

माझे सासरे गावच्या भजनात मृदंग वाजवत. बैलगाडीवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं आणि ते वाकडंच जुळलं. मृदंगाची डावी बाजू म्हणजे कणीक लावलेली, घुमणारी बाजू. ती वाजेना, तेव्हा त्यांनी मंदिरात जाणंच सोडलं. घरात बसून राहत. म्हणून तुमच्या आजोबांनी रेडिओ आणला. सकाळी भजन लागलं. सासऱ्यांनी जरा वेळ कान दिला आणि मुलाला म्हणाले,

"ह्याचा बी डावा हात मोडला का बे? नुसता उजवाच वाजवून राह्यला."

खरंच होतं. रेडिओच्या लहान स्पीकरमधून टाळ आणि गळा स्वच्छ येई, घुमारा मात्र येत नसे.

रेडिओच्या मागे जादा स्पीकर जोडायची सोय होती. तुमचे आजोबा खामगावला निघाले तेव्हा मी बजावलं, "मोठ्या आवाजाचा नको, खोल आवाजाचा हवा. कागदी कोन रुंद असेल तो घ्या." त्यांनी ताटलीएवढा आणला. सोबतचं इंग्रजी पत्रक मी वाचलं. स्पीकरच्या मागे बंद पोकळी हवी, नाहीतर घुमारा विरून जातो, असं त्यात होतं. चित्र लाकडी पेटीचं होतं. आमच्याकडे रांजण होते.

सासूबाईंनी एकेक रांजण बोटाने वाजवून एक निवडून दिला. त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला, कडेच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. आधी तो खोलीच्या मधोमध ठेवला होता, पण कोपऱ्यात सरकवल्यावर आवाज चांगलाच भरला. तुम्हीही आधी कोपऱ्यातच ठेवून पाहा.

भजन लागलं. घुमारा आला, पण प्रत्येक थापेबरोबर खुळखुळही आली.

"डावा आला," सासरे म्हणाले, "पण पायात चाळ बांधून आला."

तारा तपासल्या, स्क्रू आवळले. खुळखुळ तशीच. सासरे उठले. "राहू द्या. मले टाळ पुरतात," म्हणत बाहेर ओसरीवर जाऊन बसले. शेवटी स्पीकर काढून आत पाहिलं, तर तळाशी मूठभर ज्वारी.

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "रिकामं मडकं घरात ठेवू काय?"

"अवं माय, त्याले रिकामंच लागते!"

"त्याले लागत असन. मले नाही चालत."

तुमचे आजोबा कपाळाला हात लावून बसले. मी जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, ज्वारीची घट्ट पुरचुंडी बांधली आणि रांजणाच्या तळाशी ठेवली. गाठ सासूबाईंनी स्वतः ओढून पाहिली, मगच स्पीकर पुन्हा बसला.

दुसऱ्या सकाळी सासरे ओसरीवरच होते. मृदंग सुरू झाला तशी त्यांची मान वळली. ते आत आले, रांजणाशी बसले आणि वाकड्या मनगटाचा तळवा त्याच्या पोटावर टेकवला. रांजण थरथरत होता.

"आला," ते म्हणाले. मग त्यांची बोटं हळूहळू ठेका धरू लागली.

"हळू! फोडसान," सासूबाईंनी दम दिला.

त्या संध्याकाळी त्यांनी धुतलेलं धोतर मागितलं.

"कुठं निघाले?" सासूबाईंनी विचारलं.

"मंदिरात. तो नवा पोरगा डाव्या हातानं लय कच्चं वाजवते म्हणतात. त्याले सांगाले नको?"