जास्त वजन पेलणारे टायर

घरगाडीचे टायर घ्यायला मी आईला सोबत नेलं, ते खरं तर तिला त्या गाडीची सवय लागावी म्हणून. नोकरी संपल्यावर मी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, गॅस, पाण्याची टाकी, कपाटं असं सगळं बसवून घेतलं. लोक हसले, हसोत. पाथर्डीतून आई जन्मभर बाहेर पडली ती फक्त ऊसतोडीला. एकदा तरी तिनं कामाशिवाय कुठंतरी जावं, एवढीच माझी इच्छा. आणि ही बाई तयारच होईना. "चाकावरचं घर लई बघितलंय म्या," म्हणायची.

बघितलं होतंच. मीही बघितलं होतं, आणि मला ते अजून गोड आठवतं. दिवाळी झाली की आमचं घर बैलांच्या टायरगाडीत चढायचं. तळाला ज्वारीची पोती, त्यावर गोधड्या, डालग्यात कोंबड्या आणि सगळ्यात वर मी. वडील बैल हाकायचे. श्रीगोंद्याच्या वाटेवर गाडी डुलत राहायची, मी आभाळाकडं तोंड करून पडलेली. काय ती ऐट! तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

तर, नगरच्या दुकानात मालकानं टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. वरची नक्षी शाबूत होती, पण उन्हात उभ्या उभ्या रबराला भेगा पडल्या होत्या. मी ठरवूनच गेले होते, मऊ चालणारे घ्यायचे, आईच्या कमरेला हिसके नकोत. त्यानं गाडीत डोकावून टाकी, कपाटं, सिलिंडर पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, वजन फार झालंय. मऊ टायर एवढं घेणार नाहीत. ओझं कमी करा, नाहीतर जास्त वजन पेलणारे घ्या. ते जरा कडक चालतात."

"अहो, मग काय कपाटं फेकून देऊ?" मी वैतागले. आमची चांगलीच हुज्जत जुंपली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बघते तर आई खाली उतरलेली, पदर खोचून गाडीच्या मागं उभी.

"काय गं, काय झालं?"

"वजन लई झालंय म्हनत्यात न्हवं," ती म्हणाली. "म्या येते चालत. तू हो म्होरं."

तेव्हा कुठं मला आठवलं. टायरगाडीत आई कधी बसलेलीच नव्हती. बैलांना भार नको म्हणून ती मागून चालत यायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन, पार श्रीगोंद्यापर्यंत. मी वरून हाक मारायची, ती हात करायची. इतकी वर्षं मी त्या प्रवासाचं कौतुक सांगत आले आणि आईचे पाय माझ्या एकाही गोष्टीत नव्हते. मला रडू आलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

"जास्त वजनाचेच द्या," मी मालकाला म्हटलं.

टायर बसेपर्यंत आई दुकानातल्या खुर्चीवर चहा पीत बसली. काम झाल्यावर मी दार उघडून म्हटलं, "चल, आई." ती पायरीपाशी येऊन थांबली. माझ्याकडं नाही, मालकाकडं वळली आणि हळूच विचारलं,

"आता म्या बसले तर चालंल ना?"