डबा खाते काय?

शनिवारी दप्तर नाही, म्हणजे पोरांना सण आणि मला डोकेदुखी. एका दिवसात गाणी, मोजमाप, ठसेकाम, बाहुल्या; वर मोठ्या बाईंचं टुमणं, "फोटो ग्रुपवर टाका हं." जूचंद्रच्या शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळते मी. फोटो काढायला तिसरा हात कुठून आणू?

त्या शनिवारी माझं लक्ष खरं तर एकाच पोरीवर होतं. तिची आई पावसाळ्यात काविळीनं गेली. तेव्हापासून ती बोलत नव्हती, घरी नाही की शाळेत नाही. डबा उघडायची, बघायची, परत झाकण लावायची. बाप मला म्हणाला होता, "बाई, दिवाळी झाली की तिला आत्याकडं ठेवतो. मला नाय जमत." रागच आला मला. आई गेली, आता घरही काढून घ्यायचं का तिचं? पण त्याचा चेहरा बघून नुसतं "बघू" म्हटलं.

तिची आई रोज फाटकाशी उभी राहायची. घंटा झाली तरी हलायची नाही. "बाई, आमची पोर डबा खाते काय?" रोज तेच. मी वैतागून म्हणायचे, "खाते हो ताई. जा आता." मग ती तिथूनच पोरीला ओरडायची, "खा गो बाय! मी काय भरवायला येनार हाय?" अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं.

तर त्या शनिवारी आधी गाणं झालं. सगळे टाळ्या पिटत होते, तिचे हात मांडीवर. मग बादली आणि तांब्या घेऊन पाणी मोजलं. पोरांनी अर्धी बादली माझ्या साडीवरच मोजली. तिनंही तांब्या भरला, ओतला. पण "किती झाले गं?" विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहिली. भेंडीचे ठसे उमटवले, तेव्हाही तेच. माझा धीर सुटत चालला होता.

शेवटी बाहुल्या. जुने मोजे, त्यांना बटणांचे डोळे. पोरांच्या बाहुल्या लगेच एकमेकींशी भांडायला लागल्या. तिनं मोजा हातात चढवला आणि नुसती बसून राहिली. चला, एवढं तरी केलं, म्हणत मी मोबाइल घ्यायला टेबलाकडे वळले.

"बाई, आमची पोर डबा खाते काय?"

तोच आवाज, 'काय'वरचा तोच हेल. आणि सवय बघा मेली, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो ताई. हल्ली खातच नाही."

मी वळले. मोजा माझ्याकडे बघत होता. पोरीचे ओठ हललेले मला दिसले नाहीत, देवाशपथ नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "हिची आई आली." कुणी हसलं नाही.

मोजा सावकाश पोरीकडे वळला. "खा गो बाय. मी काय भरवायला येनार हाय?"

मग तिनं तो काढून बाकावर ठेवला. माझ्यापाशी आली, पदर धरला. किती दिवसांनी फुटलेला तिचा स्वतःचा आवाज, बारीक, घोगरा.

"बाई, आई काय बोलली?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "डबा खा म्हणाली."

"मी खाल्ला तर तिला सांगाल?"

"सांगेन की."

डब्याच्या सुट्टीत तिनं भाकरी आणि सुकट संपवली, बोटंसुद्धा चाटली. बाहुल्यांचे फोटो कुठे आहेत म्हणून मोठ्या बाई ओरडल्या, ओरडू देत. घरीही ती थोडंथोडं बोलू लागली आणि बापानं आत्याचं नाव परत काढलं नाही.

सोमवारी घंटा झाली, फाटकाशी जमलेल्या आया पांगल्या. तिची आई उभी राहायची ती जागा रिकामी होती. तिकडे बघायची मला अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण पोरीला शब्द दिला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हटलं,

"खाल्ला हो ताई. जा आता."