धसका, राघू आणि भागुजी

अवसरी बुद्रुकचा भागुजी एकवीस वर्षं पलटणीत होता. सरहद्दीवरच्या एका चौकीत त्यानं तीन आठवडे तोफांचा मारा सोसला. तेव्हापासून बार ऐकला की गडी मटकन खाली बसतो. ह्याला नावं मात्र भरपूर. शेजारची बायडाबाई म्हणाली, "हबकलाय." बायको द्रौपदा म्हणाली, "धसका घेतलाय." मिलिटरीच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, बॅटल फटीग, म्हणजे लढाईचा शीण.

भागुजी तिन्ही शब्द पारखून सांगतो. "हबकनं घटकाभराचं. धसका म्हंजी दणका आत जाऊन बसला, भाडं बी देत न्हाई. अन् फटीग? पलटणीत गवत कापायचं, दगडांना चुना मारायचा, त्या कामाला आमी फटीग म्हनायचो. डॉक्टरनं आमची लढाई बी गवतात काढली, राव!"

नारायणगावच्या जिनेशशेठच्या द्राक्षबागेची राखण हे दोघं नवराबायको करतात. यंदा माल गोडीवर आला आणि राघूंचे थवेच्या थवे उतरले. जिनेश पाखरं हाकायची, नुसता बार काढणारी कार्बाइडची बंदूक घेऊन आला.

"भागुजीभाऊ, आठ दिवसांनी व्यापारी येतोय. चोच मारलेला घड कोण घेईल? उद्यापासून तासाला दोन बार काढा."

दुखणं भागुजीनं शेठला कधी सांगितलंच नव्हतं. राखण सुटली असती.

द्रौपदा म्हणाली, "सांगा की! का बार काढून सरीत लोळून दावनार?"

"शेठ, मला धसका हाय," भागुजी म्हणाला. "बार झाला तर आधी मी उडंन, राघू मागनं."

जिनेश हसला नाही. "दोन दिवस बघा तुमच्या पद्धतीनं. मग बंदूक."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भागुजीनं परेडचा आवाज लावला.

"धसका रं धसका! राघू, हितनं खसका!"

दुसऱ्या टोकावरून द्रौपदा, "हबकली गं दबकली! साळुंकी बाय सटकली!"

थवा भर्रकन उडाला. दोन दिवस दोघं ओळी धरून फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी जिनेशनं पानं बाजूला सारून घड पाहिले. चोच लागलेले मोजकेच.

"बंदूक पाण्याच्या मोटारीच्या खोलीत टाका," तो म्हणाला. "गोणपाट गुंडाळून."

घसा बसलाय, पण भागुजी खुशीत आहे. फक्त फटीगला यमक जुळेना. तो जुळवत उभा राहतो, तेवढ्यात एखादा राघू चार मणी खाऊन जातो.

"आमी गवत कापायचो, ह्यो मणी तोडतो. तेवढं त्याचं फटीग," भागुजी म्हणतो.