ताईच्या हाताचं माप

गाडी सकाळची होती आणि अमळनेरच्या फलाटावर आम्ही तासभर आधीच येऊन बसलो होतो. माझी एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं अप्पांच्या जुन्या पँटीच्या कापडाची शिवलेली लांबट पिशवी. त्या पिशवीत टेबल टेनिसची बॅट होती आणि पिशवी ताईच्या खांद्याला होती. गाडी आली, अप्पांनी ट्रंक चढवली, आईनं दशम्यांचा डबा दिला. ताई माझ्या मागोमाग डब्यात चढली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरून गेली. अप्पा खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "लाकूड सांभाळ. रबर काय, बदलता येतं."

रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून कारकून म्हणून लागले होते मी, बडोद्याला. वय बावीस. तिकडे वरणातसुद्धा गूळ घालतात, दातांना जप, एवढाच आईचा बडोद्याविषयी सल्ला होता. त्याला चौतीस वर्षं झाली. दात बरे आहेत. बाकीची मी थकले.

आमच्या घरात दोघी बहिणी आणि बॅट एक. अप्पा गिरणीत कामाला होते, नाशिकला कशाला तरी गेले तेव्हा तिथून ती बॅट घेऊन आले आणि दोघींच्या मध्ये ठेवली. हायस्कूलच्या हॉलमध्ये एक टेबल होतं. समोर शाळेतल्या कुणी मुली नाहीतर खेळाचे सर, आपापली बॅट घेऊन. एक डाव मी खेळायचे, तेव्हा ताई भिंतीला टेकून उभी. मग तिचा डाव, तेव्हा भिंतीला मी. घामानं ओली झालेली मूठ फ्रॉकला पुसून एकीनं दुसरीला द्यायची, असं सहा-सात वर्षं चाललं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून चांगली खेळायची. हे मी विनयानं म्हणत नाही, गावात सगळेच म्हणायचे.

भरतीच्या चाचणीला अप्पा आम्हाला दोघींना घेऊन बडोद्याला आले होते. बायकांची जागा एकच होती. दुपारी दोन टेबलांवर दोन सामने एकाच वेळी पुकारले, एक माझा आणि एक ताईचा. बॅट तिच्या हातात होती. तिनं ती मला दिली, "तू घे," म्हणाली, आणि शेजारच्या एका अनोळखी मुलीकडे बॅट मागायला गेली. त्या बॅटची मूठ जाड होती, रबर गुळगुळीत झालेलं. मी जिंकले. ती थोडक्यात हरली.

मी पंचांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आमची बॅट एकच आहे, एक सामना नंतर घ्या. पंच वयस्कर होते, भले दिसत होते. त्यांनी घेतला असता. मी म्हणाले नाही. सुचलं नाही असंही नाही, चांगलं सुचलं होतं. मला ती नोकरी हवी होती.

आपल्यातले जे जे इकडे आले, कुणी रेल्वेत, कुणी रिफायनरीत, कुणी मकरपुऱ्याच्या कारखान्यांत, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिली दोन वर्षं रोज गावाला परत जायचा विचार, मग तो विचार आठवड्यातून एकदा, मग दिवाळीपुरता. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की "केम छो, मजामां". आता भाजीवाल्याशी भांडायचं झालं तर मला गुजरातीच सुचतं. लग्न इथेच झालं, यांची नोकरी मकरपुऱ्याला होती. मुलगा इथे जन्मला आणि नोकरीला बंगलोरला गेला. अमळनेरला तो 'मम्मीचं गाव' म्हणतो.

रेल्वेकडून मी बारा वर्षं खेळले. लोकांना वाटतं काय चैन. सकाळी सराव, मग कचेरी, मग पुन्हा सराव, आणि दर वर्षी कुणीतरी माझ्याहून तरुण मुलगी येणार. जिंकलं तरी टेबलावरच्या फायली वाट बघत असायच्या, हरलं तर वर साहेबांचं तोंड. पुढे पुढे चेंडूचा टकटक आवाज आला की माझं कपाळ दुखायचं. शेवटी गुडघ्यानं सोडवलं. खेळ बंद झाला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आठवडाभर नुसती झोपले. अप्पांची ती बॅट तर त्याआधीच गेली होती. एका पावसाळ्यात ट्रंकेत पडून राहिली, दमटपणानं लाकडाचे थर सुटले आणि कडेनं ती उलून आली. अप्पा असेपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही.

ताई गावातच राहिली. लग्न केलं नाही, ब्लाउज शिवले, आईचं आणि अप्पांचं सगळं शेवटपर्यंत तिनंच काढलं. दर दिवाळीआधी तिचं पाकीट यायचं आणि त्यात वहीच्या कागदावर आईच्या पावलाचं माप असायचं, कडेकडेनं पेन्सिल फिरवून काढलेलं. तो कागद घेऊन मी पाणीगेटला चपला घ्यायला जायचे. स्वतःसाठी मात्र तिनं चौतीस वर्षांत माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मी नेलेल्या साड्या ती घ्यायची, नेसायची आणि पुढच्या खेपेला त्याच तोडीचं काहीतरी मला द्यायची.

म्हणून यंदा 'मला एक वस्तू हवीय' असा तिचा फोन आला तेव्हा मी आधी घाबरलेच. हायस्कूलचा तो हॉल आता संध्याकाळी बायकांसाठी उघडा ठेवतात, टेबल दुरुस्त केलंय, आणि ताईला बॅट हवी होती. गावात मिळतात त्या पोरांच्या खेळण्यातल्या. तिकडे बडोद्यात चांगलं लाकूड मिळत असेल, ते बघ, म्हणाली. "पण दीड हजाराच्या वर नको. पैसे मी देणार. महाग घेतलीस तर परत पाठवीन."

ती पाठवेल, हे मला माहीत आहे.

फतेगंजला खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. शनिवारी कचेरीतून परस्पर तिथे गेले, गुडघा ठणकत होता तरी. दुकानदार जिग्नेशभाई, माझ्यापेक्षा थोडे लहान, स्वतः खेळणारे. तयार बॅट घेऊ नका म्हणाले, लाकूड वेगळं घ्या, रबर मी चिकटवून देतो. माझ्या मनात वेगळंच शिजत होतं. मी त्यांना सगळ्यात भारी दाखवा म्हटलं. त्यांनी काळ्या डबीतून कार्बनचे धागे घातलेलं एक परदेशी लाकूड काढलं. किंमत ताईच्या आकड्याच्या सहापट. मी ते हातात घेतलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, हे दिलं की झालं. एकदाचं झालं.

अडचण किमतीची आहे, हे त्यांना माझ्या बोलण्यावरून कळलं असावं. "स्टिकर काढी आपुं, बेन," ते म्हणाले. "एमने क्यां खबर पडवानी छे?" किमतीचा स्टिकर काढून देतो, त्यांना काय कळणार आहे, असं. मी हो म्हणणारच होते. डबी गुंडाळता गुंडाळता त्यांनी सहज विचारलं, "रमनारनो हाथ केवो छे?"

खेळणाऱ्याचा हात कसा आहे? जोराचा की हलका, मूठ केवढी, मनगट दुखतं का? ज्या हातातून मी सहा-सात वर्षं बॅट घेतली, तो आता कसा आहे ते मला सांगता येईना. दर वर्षी जाते, चार दिवस राहते, तिच्या हातचं जेवते. हात बघितला नव्हता.

डबी तिथेच ठेवून मी घरी आले आणि ताईला फोन केला. कागदावर हात ठेव, कडेनं पेन्सिल फिरव आणि फोटो पाठव, म्हटलं. ती हसली. चपला करायच्या आहेत का हाताच्या, म्हणाली. पण तासाभरानं फोटो आला. चौकटीच्या वहीचा कागद आणि त्यावर तिचा उजवा हात. चार बोटं सरळ होती. अंगठा मात्र बोटांना लागूनच, जेमतेम उघडलेला, आणि त्याच्या मुळाशी रेघ बाहेर फुगली होती. पुन्हा फोन करून विचारलं तेव्हा म्हणाली की कात्रीनं झालंय ते, बरीच वर्षं झाली, थंडीत जास्त दुखतं. मी कधी विचारलं नव्हतं म्हणून तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. मग यांना चहा दिला.

रविवारी दुकान उघडायच्या वेळेलाच पोचले. फोटो बघून जिग्नेशभाईंनी ती काळी डबी स्वतःच आत ठेवून दिली. हे या हाताच्या कामाचं नाही, म्हणाले, कडक असतं, चेंडू लागला की झटका थेट अंगठ्यात. मग त्यांनी साधी लाकडं काढली, पाच थरांची, आपल्याकडेच बनलेली. एकाच नावाचे, एकाच किमतीचे सहा नग काउंटरवर मांडले. लाकूड ते लाकूड, दोन नग कधी सारखे नसतात, म्हणून प्रत्येक नग छोट्या काट्यावर ठेवला. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांच्यात दहा-बारा ग्रॅमचा फरक निघाला. हलके दोन बाजूला काढले. मग मूठ सैल धरून बोटाच्या पेरानं मधोमध वाजवून बघितले. एकाचा आवाज टणक आला, एकाचा जरा बसका. बसक्या आवाजाचं लाकूड मऊ, हाताला सोसेल असं. तेच घेतलं. मूठ बारीक होती, तरी अंगठ्याची जागा त्यांनी पॉलिश पेपरनं घासून गोल करून दिली. लालकाळं साधं रबर लावलं. सगळं मिळून ताईच्या आकड्यात बसलं. पावती मी बॅटबरोबरच पार्सलमध्ये घातली, स्टिकरही राहू दिला.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. मूठ बरोबर बसते, म्हणाली, अर्धा तास खेळले, अंगठा कुरकुरला नाही. रबराच्या वासानं अप्पांची आठवण आली. पैसे पाठवलेत, बघून घे. मी हो हो म्हणत होते आणि एकदम माझ्या तोंडून निघालं की ताई, त्या दिवशी चाचणीला मी पंचांना थांबा म्हणायला हवं होतं. मला सुचलं होतं. मी म्हणाले नाही.

फोनमध्ये तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"हो," ताई म्हणाली. "म्हणायला हवं होतंस."

नाही गं, असू दे, इतकी वर्षं झाली, असलं काहीही ती म्हणाली नाही. मला वाटलं होतं हे ऐकलं की मी कोसळेन. उलट किती दिवसांनी पाठ टेकायला मिळावी तसं झालं. मग तीच म्हणाली, "दिवाळीला येशील तेव्हा तुझी बॅट आण, सुमे. आपण दोघी समोरासमोर कधी खेळलोच नाही."

खरंच की. बॅट एकच होती.

आता मला रेल्वेतली मुलं विचारतात, बाई, निवृत्त झाल्यावर गावाला जाणार का? आईअप्पा नाहीत, राहतं घर भाड्याचं होतं ते कधीच सुटलं, ताई दोन खोल्यांत राहते. बडोद्यात माझं स्वयंपाकघर आहे, डॉक्टर आहे, रागावायची भाषा आहे. कुठलं घर आणि कुठलं गाव, याचं उत्तर द्यायचाही मला कंटाळा येतो. पण हायस्कूलच्या त्या हॉलमध्ये नऊ फूट लांबीचं एक टेबल आहे आणि त्याच्या पलीकडे ताई उभी राहणार आहे. तेवढं घर मला पुरे आहे.

काल पुन्हा फतेगंजला गेले. त्या सहांतला दुसरा हलका नग अजून होता, तो घेतला. जिग्नेशभाईंनी विचारलं, आता कुणासाठी? मी काउंटरवर माझा हात ठेवला.

ताई मला हरवेल असं वाटतं. मुद्दाम मात्र मी हरणार नाही. तशी हरले तर तिला ते पहिल्याच चेंडूला कळेल, आणि मग ती बॅट परत पाठवेल.