ड्राय वेल्सची पडकी गल्ली

चँडलर शहरातल्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीने २००२ साली धर्मराज वासनिकांना घरी बसवलं, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. आठ महिने अर्ज करून करून बोटं झिजली. शेवटी तीन तासांवरच्या ड्राय वेल्स या वाळवंटी गावाने त्यांना पाण्याच्या टाकीवर घेतलं. बायको सुलेखा आणि मुलगी पायल चँडलरलाच राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पुन्हा त्याच रस्त्यावर.

गावाला अभिमान एकाच गोष्टीचा. पन्नास वर्षांपूर्वी काउबॉय घोडेस्वारांच्या सिनेमांसाठी टेकडीखाली उभारलेली गल्ली. सलून म्हणजे दारूचा गुत्ता, बँक, तुरुंग, सगळ्या नुसत्या दर्शनी भिंती. मागे टेकू आणि निवडुंग. टाकी त्याच कुंपणात, किल्ली धर्मराजांकडे, म्हणून गुरुवारी पर्यटकांना गावाच्या व्हॅनमधून फिरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. "इथे हीरो घोड्यावरून पडला," हे वाक्य तीन वर्षं बोलून त्यांना त्याचा वीट आला होता.

२००६च्या उन्हाळ्यात वादळात बँकेची भिंत कोसळली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. गावात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेले तेवढे धर्मराजच. गावाच्या कौन्सिलने बाकीच्या भिंती तपासून रिपोर्ट द्यायला त्यांनाच सांगितलं. त्यांनी टेकू टोचून पाहिले. स्क्रूड्रायव्हर कुजलेल्या लाकडात मुठीपर्यंत गेला.

"थोडं सांभाळून लिहा ना," फोनवर सुलेखा म्हणाली. "तिथे राहायचंय तुम्हाला."

"उद्या कोणाच्या अंगावर भिंत पडली तर?"

मागून पायलचा आवाज आला, "बाबा, जस्ट क्विट."

त्यांनी जसं होतं तसं लिहिलं. पुढच्या मार्चमध्ये कौन्सिलने गल्ली पाडली. त्यानंतर किराणा दुकानात लोक त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करू लागले. पोस्टातल्या डॉरिसबाई मात्र समोर येऊन बोलल्या. एकोणिसाव्या वर्षी त्या चार सिनेमांत गर्दीतली मुलगी म्हणून टोपली घेऊन ती गल्ली ओलांडून गेल्या होत्या.

"माझी गल्ली पाडलीत तुम्ही."

धर्मराज फक्त "सॉरी" म्हणाले.

पुढच्या गुरुवारी आठ पर्यटक आले. आता दाखवायचं काय, म्हणून धर्मराज त्यांना परत पाठवणार होते. इतक्यात डॉरिसबाई काठी टेकत आल्या आणि व्हॅनमध्ये पुढे बसल्या.

"चला. तुम्हाला सलून कुठे होतं तेसुद्धा कधी धड सांगता आलं नाही."

मोकळ्या जमिनीवर काठीने रेघा ओढत त्यांनी दारं दाखवली, खिडक्या दाखवल्या, घोडे कुठे पाणी प्यायचे ते दाखवलं. लोक तासभर उन्हात उभे राहून ऐकत होते.

मग त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. धर्मराज गाडी चालवायचे, छत्री धरायचे, पाणी द्यायचे. दोघांत बोलणं असं नव्हतंच. वर्षभराने एकदा पोस्टापाशी उतरताना त्या थांबल्या.

"तुमच्या मुलीने पाहिली होती का हो ती गल्ली?"

"नाही. आणायचं म्हणत होतो. राहून गेलं."

डॉरिसबाईंनी मान हलवली. "आता कशाला आणताय? बघायला उरलंय काय," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या. धर्मराजांनी थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकलं, मग टाकीकडे गाडी वळवली.