मलाक्क्यात माझ्या मागून चालणाऱ्या दोघी

११ जून १९९५, रविवार. उपस्थित: मी, माझा नवरा श्रीनिवास, आमची सोळा वर्षांची मुक्ता, आणि वृंदा, श्रीनिवासच्या कंपनीतल्या गिरीशची बायको. गिरीश बोटीवर असल्यामुळे ती एकटी. चार माणसे, चार पासपोर्ट, चार पाण्याच्या बाटल्या, आणि मलाक्का शहर पायी पाहण्यासाठी मी तयार केलेला आराखडा, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेल्या चार प्रती.

त्या दिवसाचा विचार केला की मला आधी वास येतो. ओहोटीच्या नदीतला गाळ, उन्हाने तापलेल्या भिंतींचा चुना आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर फोडलेला फणसासारखा ड्युरियन, असे तीन वास एकमेकांत मिसळून चौकात साचले होते, आणि चौकाच्या कडेने डचांच्या इमारती उभ्या होत्या, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या रंगाच्या. सिंगापुरात आमच्या घराजवळच्या, क्लेमेंटीच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात लिहिले होते की डचांच्या काळी या भिंती पांढऱ्या होत्या, लाल रंग मागाहून कोणीतरी दिला. ही माहिती मी आराखड्यात पहिल्याच ठिकाणाखाली घातली होती, कारण असे काही कळले की मुक्ताला आवडायचे. निदान आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा आवडायचे. ते सांगायला मी वळले, तर मुक्ता वीस पावले मागे होती. वृंदाच्या हातात हात अडकवून काहीतरी सांगत होती आणि वृंदा मान खाली घालून ऐकत होती, जसे आपण देवळातल्या गर्दीत शेजारच्या माणसाचे ऐकतो, कान जवळ नेऊन.

डिसेंबरात श्रीनिवासचा करार संपणार होता. अकरा वर्षांनी आम्ही पुण्याला परतणार होतो. कोथरूडच्या फ्लॅटला रंग देऊन झाला होता, मुक्ताच्या कॉलेजची चौकशी मी पत्राने करून ठेवली होती. जाण्यापूर्वी पाहायच्या ठिकाणांत मलाक्का राहिले होते. सिंगापूरहून बसने चार-साडेचार तासांवर, मलेशियात, पोर्तुगीजांनंतर डचांनी दीडशे वर्षे सांभाळलेले हे शहर, नगरसदन, चर्च, टेकडी, दफनभूमी, नदीपलीकडची अरुंद दारांची घरे, सारे पायी पाहता येण्यासारखे. वाटाड्या नको, मी आहे, असे मीच म्हटले होते. वृंदालाही मीच बोलावले. सिंगापुरात ती आली तेव्हा कोथिंबीर कुठे चांगली मिळते, राहण्याच्या पासच्या अर्जाबरोबर कोणते कागद जोडायचे, घरमालकाकडून काय लिहून घ्यायचे, हे सगळे तिला मी शिकवले. ती रॅफल्स प्लेसला एका बँकेत कॉम्प्युटरचे काम करते, टॅम्पिनीसला राहते, आणि गेले वर्षभर मुक्ता दर शनिवारी बेट आडवे ओलांडून तिच्याकडे गणिताला जाते. गणित सुधारले. त्याबद्दल वृंदाला मी दोन वेळा जेवायला बोलावून पुरणपोळीही केली होती.

नगरसदनाला मी चाळीस मिनिटे ठेवली होती. जाड भिंती, लाकडी जिने, काचेच्या कपाटांत निळ्या नक्षीच्या बशा. मी प्रत्येक दालनात थांबून आराखडा वाचत होते आणि ऐकायला फक्त श्रीनिवास होता, तोही छताच्या तुळया कशा बसवल्या आहेत ते पाहण्यात गुंग. आगबोटीच्या इंजिनियरला इमारत दाखवली की तो तिच्यात इंजिन शोधतो.

"मुक्ता, ह्या बशा पाहिल्यास का?"

"Seen already lah, आई." शाळेतली सिंगापुरी इंग्रजी, lah चे शेपूट लावून.

आणि मग मी पाठमोरी झाल्यावर तीच मुलगी वृंदाला म्हणाली, "वृंदाताई, त्या जिन्यावरून खाली बघ ना, पोटात कसा गोळा येतो." अख्खे वाक्य, मराठी, पोटातल्या गोळ्यासकट. मी आठ वर्षे घरात दंडक ठेवला होता की मराठीतच बोलायचे, आणि आठ वर्षे मला इंग्रजी तुकडे मिळत होते. माझी समजूत अशी होती की तिची मराठी या बेटावरच्या दमट हवेत हळूहळू विरघळून गेली. ती विरघळली नव्हती. ती दुसरीकडे खर्च होत होती.

चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू असल्याने आत जाता आले नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते हे माझ्या लक्षात कसे आले नाही, याचे मला आजही नवल वाटते. श्रीनिवास हसला. वृंदा चटकन म्हणाली, "असू दे वहिनी, आपण उलटं जाऊ. आधी टेकडी." तिने माझी बाजू सावरली, आणि ते मला सर्वांत जास्त लागले. आराखड्यात दुरुस्ती करताना माझ्या पेनाची रेघ प्लास्टिकच्या पाकिटावरच उमटली आणि घामाने पुसली गेली.

टेकडीवरच्या जुन्या पडक्या चर्चला छप्पर नाही. आत फक्त आकाश आहे, आणि भिंतींना टेकून माणसाहून उंच दगड उभे केले आहेत, डच थडग्यांवरचे. त्यांवर ढाली, शिरस्त्राणे, गलबते आणि मला न कळणाऱ्या भाषेतल्या ओळी. दुपार चढत होती, सामुद्रधुनीकडून येणारा वारा खिडक्यांच्या पोकळ चौकटींतून आत शिरत होता आणि त्या शिळांवर चाफ्याच्या पानांच्या सावल्या सावकाश सरकत होत्या. एका शिळेवरची अक्षरे मी बोटाने चाचपत होते. नाव बाईचे वाटत होते, खाली आणखी लहान नावे होती. ती मुले असावीत. इतक्या दूर येऊन या बाईनेही आपल्या मुलांना घरची भाषा शिकवली असेल, त्यांनी स्वयंपाकघरातल्या मलय दाईशी मलयमध्येच गुजगोष्टी केल्या असतील, असे काहीबाही माझ्या मनात येत होते, आणि तेवढ्यात खिडकीपलीकडून, गवतावरून, आवाज आले.

"आज सांगतेस की मी सांगू?" वृंदा विचारत होती.

"नको ना आज. आधी तिची लिस्ट संपू दे. मधेच काही नवीन घुसवलं की तिचं टाइमटेबल कोलमडतं."

दोघी हसल्या. मग मुक्ता म्हणाली, "तुझ्या मागच्या खोलीत माझं टेबल बसतं. मी टेपने मोजलंय. पलंग खिडकीकडे घेतला तर कपाटाचं दार पण पूर्ण उघडतं."

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. सारे एका क्षणात कळले: तिला पुण्याला यायचे नव्हते. परीक्षा झाल्यावर इथल्याच ज्युनियर कॉलेजात जायचे होते, आणि राहायचे होते वृंदाकडे. वृंदाने खोली देऊ केली होती. खिडकीकडे पलंग, उघडणारे दार, सारे ठरले होते. मला मत्सर वाटला हे लिहायला सोपे आहे, पण तो कसा वाटला ते सांगायला हवे. कोणी आपल्या वस्तूला हात लावल्यावर वाटतो तसा तो नव्हता. आपण ज्या घरात राहतो त्याच घरात आपल्याला ठाऊक नसलेली एक सुंदर, उजेडाची खोली आहे आणि दुसरे कोणी तिथे रोज बसते आहे, असे कळल्यावर जे वाटेल ते होते. वृंदाचे केस, तिचे हसणे, तिचे एकोणतीस वर्षांचे न दुखणारे गुडघे, सगळ्याचा मला त्या वाऱ्यात राग आला. आणि टेप माझ्या शिवणाच्या डब्यातली होती.

बाहेर येऊन मी म्हणाले, "वीस मिनिटं झाली. चला."

दफनभूमी पाहिली, प्रार्थना संपल्यावर खालचे चर्चही. डचांची म्हणतात, पण झोपलेले बहुतेक इंग्रज आहेत. पूल ओलांडला, लांबोळकी घरे पाहिली, दारे पावलांनी मोजली. सारी ठिकाणे ठरल्याप्रमाणे पार पडली आणि मी एकही पाहिले नाही. मग एका लहानशा दुकानात आम्ही ताडगुळाचा पाक घातलेले थंडगार चेंडोल खायला बसलो. वृंदा आणि मुक्ता समोरच्या दुकानात पंखे बघायला गेल्या तशी मी श्रीनिवासला सगळे सांगितले.

तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "मला माहीत आहे. गेल्या रविवारी बोलली माझ्याशी."

"आणि मला?"

"तुला शेवटी सांगायचं होतं तिला."

"मी नाही म्हणेन म्हणून?"

"छे. तू नाही म्हणालीस तर ती भांडेल की. तू हो म्हणशील आणि त्याच मिनिटाला कागद-पेन घेऊन बसशील, उशा किती, औषधं कोणती, याची तिला भीती. म्हणाली, आईने एकदा तरी नुसतं रडावं, मग यादी करावी."

बर्फ वितळून बशीत तपकिरी पाणी झाले होते. समोरच्या दुकानाच्या काळोख्या दारात मुक्ता एक पंखा उघडून वृंदाला वारा घालत होती. त्या अंधुक उजेडात मला एवढेच दिसले की माझी मुलगी कोणालातरी वारा घालते आहे, मन लावून, मनगट न थांबवता. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यापासून पंधरा पावलांवर नीट वाढून, उंच होऊन उभे होते. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असेल.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मीच जागा धरली होती. रबराच्या बागा मागे जात होत्या, झाडांच्या रांगांमधून उतरते ऊन तिच्या गुडघ्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होते. मी म्हणाले, "टेबल बसतं म्हणे." ती दचकली. सीमेवरच्या जोहोरच्या अलीकडे म्हणाली, "Sorry lah." आणि नंतर, खूप हळू, "तू रागावलीस?" मी रडले नाही. रडायला हवे होते हे कळत असूनही मला जमले नाही.

आज गुरुवार आहे. शाळेने पाठवलेला ज्युनियर कॉलेजचा अर्ज जेवणाच्या टेबलावर आहे, उद्या द्यायचा आहे. पालक परदेशात राहत असल्यास विद्यार्थ्याची इथे जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता, टेलिफोन. वृंदाचे ते सारे मुक्ताने सुवाच्य अक्षरांत भरले आहे, माझ्यासारखे, एकही खाडाखोड न करता. श्रीनिवासची सही झाली आहे. माझ्या सहीच्या वर एक चौकट मुक्ताने मुद्दाम मोकळी सोडली आणि शाळेत जाताना म्हणाली, "हे तू लिही, आई. मला कळत नाही काय लिहायचं." चौकटीत विचारले आहे की त्या व्यक्तीचे मुलाशी नाते काय. सकाळपासून मी पेन्सिलीने दोनदा लिहून दोनदा खोडले. कागद तिथे जरा पातळ झाला आहे. तिसऱ्यांदा लिहायचे ते पेनानेच, म्हणून पेन उघडून बाजूला ठेवले आहे.