दारातलं भांडण आणि पन्नास छत्र्या

माझ्या आई-आबांचा संसार एका सिनेमावर टिकला, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसू देत. लग्न झालं त्या वर्षी दोघं रेणापूरहून लातूरला गेले आणि टॉकीजमध्ये एक कृष्णधवल, हलकाफुलका प्रेमाचा सिनेमा बघून आले. एका चाळीत शेजारी राहणारा कारकून आणि मास्तरीण, मध्ये एक भिंत, आणि दिवसभर त्या भिंतीवरून चाललेली कुरबुर. गाणी दोनच, तीही शेजारच्या रेडिओवर लागलेली. बाकी नुसतं बोलणं. शेवटाकडे ती रुसते आणि दार लावून घेते. तो बाहेर उभा राहतो. मग दारावर टिचकी मारून म्हणतो, "दार उघडू नका. ऐकू येतंय ना?" आतून ती म्हणते, "ऐकू येतंय. पटत नाहीये."

आमच्या घरी भांडण मिटवायची हीच रीत पडली. आई स्वयंपाकघरात पाठ फिरवून बसली की आबा उंबऱ्याबाहेर येऊन थांबायचे. तिथं दार नव्हतंच, जुन्या साडीचा पडदा होता, म्हणून चौकटीवर टिचकी. मग ते वाक्य, अगदी पुस्तकी भाषेत, जी एरवी त्यांच्या तोंडी कधी यायची नाही. आई जरा ताणून धरायची आणि मग उत्तर द्यायची. ती "पटत नाहीये" म्हणाली की मिटलं. पाठोपाठ चहा यायचा. आम्हा भावंडांना ही दोन वाक्यं पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती.

गेल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे नांदेडला चार दिवस राहायला आली होती. तेवढ्यात आबांनी बांधावरची चिंच तोडून टाकली. ट्रॅक्टर वळायला अडचण होत होती म्हणे. ती चिंच आईनं सासरी आल्यावर लावलेली. शेतातली बाकी कुठलीच गोष्ट तिच्या मनाने झाली नव्हती, ती एक झाली होती. दर वर्षी गल्लीतल्या बायका गोळा करून ती चिंचा फोडायला बसायची आणि आम्हा सगळ्यांच्या घरी गोळे पोचायचे. आई गावी परतली, बांधावर जाऊन आली आणि पिशवी न उघडताच पुन्हा माझ्या दारात उभी राहिली.

"मला न विचारता," एवढंच ती म्हणाली.

आबांनी फोन केला. मी स्पीकर लावला. "अगं, त्यात काय एवढं. दुसरं रोप लावून देतो. त्याच्याहून चांगलं, कलमी." आई कणीक मळत राहिली. मग पलीकडून टिचकीचा आवाज आला आणि आबांनी ते वाक्य म्हटलं. आईने कणीक झाकून ठेवली आणि गॅलरीत निघून गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं नव्हतं. ती आता परत जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

संक्रांत झाली, महिने गेले. अशात पेपरात जाहिरात आली. तोच सिनेमा, नव्याने, "संगीतमय". मला वाटलं, दोघांना शेजारी बसवावं, तो दाराचा प्रसंग आला की बर्फ वितळेल. आई म्हणाली, "पिक्चरसाठी येते. त्यांच्यासाठी न्हाई." आबा लातूरला थेटराच्या पायऱ्यांवर आधीच येऊन थांबले होते, इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मध्ये बसले.

तो सिनेमा कसा होता हे सांगताना अजून माझ्या जिभेवर कडवट चव येते. चाळ गेली होती. त्या जागी काचेची उंच इमारत. मधली भिंत काढून टाकलेली, कारण नायक-नायिकेचे चेहरे एकदम दिसायला हवेत. कारकून आता मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ टाकणारा कुणीतरी झाला होता, छाती उघडी टाकून फिरणारा. मास्तरीण काय काम करते ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघं दोन वाक्यं धड बोलत नव्हते. कुणी तोंड उघडलं की ढोल वाजायचा. पहिल्या सिनेमात तो तिची वाटी परत करतो आणि वाटीत काहीतरी असावं म्हणून घाबरत चार शेंगदाणे टाकतो, हा प्रसंग आई आम्हाला इतका रंगवून सांगायची. इथं त्या वाटीचं गाणं केलं होतं. टोपलीएवढ्या वाट्या डोक्यावर घेऊन बायका नाचत होत्या. पुढच्या रांगेतला माणूस मक्याच्या लाह्या चघळत शिट्ट्या मारत होता. मला त्याच्या लाह्यांचीही किळस आली.

ज्यांनी हे बनवलं त्यांनी मूळ सिनेमा बघितला तरी होता का? बघितला असेल तर जास्तच राग येतो. आपल्याला जे आवडतं त्यातलं नेमकं तेच उचलून फेकायचं आणि वर म्हणायचं, घ्या, तुमचंच आहे, पण आता बरं केलंय.

आणि मग दाराचा प्रसंग आला. ती रुसली, दार लागलं. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांनी खुर्चीच्या दांडीवर टिचकीसाठी बोट उचललेलं मी बघितलं. पडद्यावर नायकाने दारावर लाथ मारली. त्याबरोबर दोन्ही बाजूंनी पन्नासेक माणसं रंगीत छत्र्या घेऊन घुसली आणि तो गुडघ्यावर पडून गायला लागला. चुकलो मी, माफ कर, माफ कर, माफ कर. तेच तेच, चाल बदलून, मध्येच इंग्रजीत. दुसऱ्या कडव्यालाच तिने दार उघडलं आणि त्याच्याबरोबर नाचायला लागली.

"लगेच उघडलं की गं," आबा पुटपुटले. त्यांचं बोट अजून वरच होतं.

आई उठली आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघून गेली. आम्ही मागोमाग गेलो तोवर ती बायकांच्या बाथरूममध्ये शिरली होती आणि दार लागलं होतं. मी आत जाणार, तेवढ्यात आबांनी मला हाताने अडवलं. थेटराचा पहारेकरी या धोतरवाल्या म्हाताऱ्याकडे संशयाने बघत होता. हॉलमधलं छत्र्यांचं गाणं भिंतीतून ऐकू येतच होतं. आबा दारासमोर उभे राहिले, जुन्या कारकुनासारखे. मग टिचकी मारली.

"दार उघडू नका. ऐकू येतंय ना?"

आतून पाण्याचा आवाज आला, मग आईचा.

"त्ये पुरं झालं आता. जलमभर त्येच ऐकून राहिले मी."

आबा माझ्याकडे बघायला लागले. मीही गोंधळले.

"लई घाण पिक्चर हाय," आई आतून म्हणाली. "वकारी आली मला. पण त्या नागड्या पोरानं चुकलो तरी म्हणलं. पन्नास डाव म्हणलं. तुमच्या त्या कारकुनानं कधी म्हणलं? तुम्ही कधी म्हणलात?"

मी मनातल्या मनात तो जुना सिनेमा चाळला. खरंच, त्याने म्हटलं नव्हतं. तो इतका गोड बोलायचा की कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. एक बाई हात पुसत दार ढकलून बाहेर आली, आमच्याकडे बघून घाईने निघून गेली. दार पुन्हा लागलं.

"रोप लावतो म्हणलं होतं मी," आबा दाराशी वाकून म्हणाले. "त्ये बी ह्या पिक्चरवानीच झालं असतं. ती चिंच न्हाई यायची आता." पुढचं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. "चुकलं माझं."

आत पाणी बंद झालं.

"ऐकू येतंय," आई म्हणाली.

पुढचं वाक्य ती बोलली नाही. पदराला हात पुसत बाहेर आली आणि रेणापूरची गाडी किती वाजता आहे, असं तिने आबांना विचारलं.